एकेचाळीस हुंबे

दोरी दिसली तेव्हा मी होडीच्या पुढच्या टोकाला विळा घेऊन उभी होते. तळ्यातल्या उंच बोरूच्या तोंडाशी, जिथून आम्ही गेले बारा दिवस आत शिरत होतो, तिथं दोन खुंटांना आडवी पिवळी दोरी बांधलेली आणि मधोमध पाटी. काठावर चौकीदार स्टूल टाकून बसला होता. तळ्याची राखण बघणाऱ्या ऑफिसातलं स्टूल एवढ्या चिखलातून उचलून आणलं होतं त्यानं, म्हणजे लवकर उठायचा बेत नव्हता.

"हे काय आता?" मी ओरडले.

"बंदी आहे. आत हुंबे आहेत, एकेचाळीस."

"एकेचाळीस काय?"

"हुंबे हो, पाखरं! पाटी वाचा की."

मागच्या टोकाला बांबू धरून आमचे हे उभे होते. ह्या माणसाला दिवसाला दहा शब्द पुरतात आणि हसू महिन्यातून एखादं. ते हसले. पोट धरून हसले. होडी इतकी डुलली की सुनेनं कड घट्ट धरली.

"एकेचाळीस!" ते म्हणाले आणि डोळे पुसले.

तुम्ही हुंबा पाहिला नसेल. आम्हीही फारसा पाहिलेला नाही. कोंबडीएवढं तपकिरी पाखरू. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून बोरूत असं उभं राहतं की हाताच्या अंतरावर असलं तरी दिसत नाही. थंडी सरायला लागली की नर हुंकारतो. हूंब, हूंब, खोल विहिरीतून कुणी बोलावल्यासारखं. अख्ख्या तळ्यात मी कधी पाच-सहांच्या वर ऐकले नाहीत, आणि ह्या तळ्यात मी एकतीस वर्षं कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे.

मला मात्र हसू आलं नाही. बोरू वाळल्यापासून नवे कोंब फुटेपर्यंत चाळीस दिवस मिळतात. कोंब वर आले की विळा लावायचा नाही, मूळ सडतं. बारा दिवस गेले होते. राहिलेल्या अठ्ठावीस दिवसांत कापू तेवढ्याच बोरूच्या चटया नि ताट्या पुढं वर्षभर विणायच्या. बोरू नाही तर एकमेकांची तोंडं बघत बसायचं, घरात आम्ही चौघं आणि सुनेच्या पोटातलं पाचवं.

"बरं, काल कापून ठेवलेले अकरा भारे आत आहेत. ते तरी आणू द्या," मी म्हटलं.

"आतल्या काडीलाही हात लावायचा नाही."

"अहो, ती काडी मी कापलीय! माझी बोटं बघा!" मी दोन्ही हात पसरून दाखवले. बोरूचं पान ब्लेडसारखं असतं, बारा दिवसांत बोटांवर चिरा नाहीत अशी जागा उरत नाही. चौकीदारानं बघितलंसुद्धा नाही. जांभई दिली आणि स्टूल जरा सावलीत सरकवलं.

परतताना सून माझ्याकडे पाठ करून बसली. गेले पाच दिवस ती तशीच बसत होती, आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं.

बोरू दोन माणसांच्या उंचीचा असतो. आत शिरलं की हाताच्या अंतरावरचं माणूस दिसत नाही, आणि हाक मारली तर दहा पावलांवर विरते. खाली चिखलात मध्येच असे खड्डे आहेत की पाय गेला तर छातीपर्यंत माणूस आत. म्हणून आम्हा बोरूवाल्यांच्या कमरेला एकेक मातीचा चंबू असतो. प्यायचं पाणी त्यातच. आणि पाणी संपत आलं की त्याच्या तोंडावर आडवी फुंकर मारायची. खोल आवाज येतो, तो बोरूतून लांब जातो. दोन आखूड फुंकरा म्हणजे मी इथं आहे, ठीक आहे. एक लांब म्हणजे धावा, अडकले. प्रत्येकाच्या चंबूचा आवाज निराळा. माझ्या चंबूच्या कडेचा टवका उडालाय, त्यामुळे शेवटी सुसकारा निघतो. पोरगा लांबून ओळखतो.

आणि दिसत नाही म्हणूनच बोरूत माणसं बोलतात. घरात जे ओठांवर येत नाही ते तिथं येतं. तिसऱ्या दिवशी सुनेनं मला तिथंच सांगितलं, की दोन महिने झालेत. मागल्या वेळी आम्ही आनंदानं सगळ्यांना सांगून बसलो आणि आठव्या आठवड्यात सगळं गेलं होतं. म्हणून ह्या वेळी तिनं माझा हात धरून सांगितलं, "तीन महिने पुरे होऊ देत. यांनाही मीच सांगेन. तुम्ही नका सांगू आई." मी म्हटलं, "माझ्या तोंडाला कुलूप." आणि खरंच लावलं होतं हो, माझ्यासारख्या बडबडीनं!

आठव्या दिवशी टपरीवर ह्याच चौकीदारानं माझ्या पोराच्या पाठीत थाप मारली. "काय, बाप होणार म्हणे! चहा पाज की." पोरगा धावत घरी आला, आनंदानं बायकोला विचारायला. ती चुलीपुढं बसली होती. तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून मला फक्त "हो" आणि "नाही". मी शपथा घातल्या, रडले, चिडले. पण तिसरं माणूस तिथं नव्हतंच, तर मग बातमी गेली कशी? तिच्या जागी मी असते तर माझ्यावरच संशय घेतला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं ऑफिसात गेलो. बोरूवाल्यांची सगळीच घरं निघाली होती, पण साहेबांचा निरोप आला की गर्दी नको, एकाच घरानं यावं. सगळ्यांनी मला पुढं केलं. माझ्या तोंडाची ख्याती आहे.

चपला बाहेर काढायला लावल्या. पाणी आणि चिखल बारा दिवस पायांत मुरलेलं, चिखल्यांनी बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या होत्या. गुळगुळीत फरशीवर आमच्या पायांचे ओले ठसे उमटले. चौकीदारानं चटकन वर्तमानपत्र आणून अंथरलं आणि म्हणाला, "ह्याच्यावर उभं राहा." साहेबांचे बूट टेबलाखाली दिसत होते, त्यांना बोटभर चिखल होता. असो.

खोलीत भिंतभर तळ्याचा नकाशा, दोन टेबलं, एक संगणक, आणि खुंटीला कानात घालायची यंत्रं टांगलेली. संगणकापुढं पाखरूबाई बसली होती. हे नाव आम्ही ठेवलेलं. काडीसारखी बारीक पोरगी, लांबच्या शहरातून पाखरांवर शिकून आलेली. मनानं चांगली. हंगामाच्या सुरुवातीला ह्यांनीच तिला होडीतून बोरूभर फिरवलं होतं, तेव्हा तिनं जागोजाग खुंटांना साबणाच्या डबीएवढ्या हिरव्या पेट्या बांधल्या. कानपेट्या म्हणायचो आम्ही. त्या दिवसरात्र ऐकतात. जाळं लावायला नको, पाखराला हात लावायला नको, नुसत्या आवाजावरून यंत्र सांगतं कोण आहे, किती आहेत. मला तेव्हा आवडलं होतं. म्हटलं, बरं आहे की, पाखराला कसला त्रास नाही.

"तुमचं नुकसान होतंय ते कळतंय मला," ती म्हणाली. "पण एकेचाळीस नर म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. जवळपास एवढे कुठंच उरलेले नाहीत. ऐका तुम्हीच."

तिनं बटण दाबलं. खोली भरून आवाज आला. हूंब, हूंब, आणि शेवटी श्श...

"हा पूर्वेकडचा नर," पाखरूबाई कौतुकानं म्हणाली. "ह्याला शेवटी धाप लागते बघा. म्हातारा असावा."

माझ्या पोराला ठसका लागला. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"म्हातारा कोण?" मी म्हटलं. "अगं बाई, ही तर मी!"

तिला काही कळलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, पण आवाज अजून चालूच होता. बोरू सळसळला, विळा चालल्याचा खर्र खर्र आवाज आला, आणि मग त्या खोक्यातून माझी सून बोलली. स्वच्छ, शेजारी बसून बोलावं तशी. "आई, ऐका ना. दोन महिने झाले. यांना मीच सांगेन..."

पाखरूबाईनं धडपडून बटण बंद केलं. तोवर माझं कुलूपसुद्धा वाजून झालं होतं.

सुनेचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, आणि मग सावकाश मान वळवून चौकीदाराकडे. तो पंख्याकडे बघत होता.

"तुम्ही ऐकलंत," ती म्हणाली.

"मला साहेबांनीच बसवलं होतं," चौकीदार म्हणाला. "माणसांचे आवाज वेगळे काढायला. कोण चोरून मासे धरतं, कोण हद्दीबाहेर कापतं... मी काय मुद्दाम ऐकतो?"

"माणसांचे?" पाखरूबाई साहेबांकडे वळली. "आपलं ठरलं होतं फक्त पाखरांचं."

"सोयीचं पडतं," साहेब म्हणाले. "यंत्र आहेच, तर दोन्ही कामं होतात."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्या मेल्यानं चहाच्या कपासाठी माझ्या घरात सहा दिवस विस्तव ठेवला होता! मी म्हटलं, "साहेब, पाखरं मोजायला आणलेला कान तुम्ही आमच्या घराला लावलात. माणूस समोर उभा असला की आपण जपून बोलतो. खुंटाला बांधलेल्या डबीपुढं कोण जपून बोलतं? आणि बाई, तू! तुला माहीत नव्हतं?"

पाखरूबाई खाली बघत राहिली. "कानातली यंत्रं दोन आणली तेव्हा विचारायला हवं होतं मी," ती म्हणाली. "विचारलं नाही."

निदान खरं बोलली. माझा राग निम्म्यानं उतरला, पण निम्मा पुरेसा होता. मी कमरेचा चंबू सोडला.

"तुझं ते यंत्र चालू कर," म्हटलं.

"कशाला?"

"कर तर खरं."

तिनं केलं. मी चंबू ओठांशी धरून दोनदा फुंकर मारली. पडद्यावर हिरवी रेघ उठली, थरथरली, आणि शेजारी अक्षरं उमटली. मला लांबून वाचता आली नाहीत, पोरानं वाचली.

"हुंबा. नर. खात्री शंभरात शहाण्णव," तो म्हणाला आणि खुर्चीला धरून हसायला लागला. मग ह्यांनी आपला चंबू काढून फुंकला. आणखी एक हुंबा. पोरानं फुंकला, आणखी एक.

पाखरूबाईनं दोन्ही हात डोक्याला लावले. "तुम्ही किती जण जाता आत?"

"सगळी घरं मिळून चौतीस. एकेचाळीसातून चौतीस गेले की उरले सात. आणि माझा टवक्याचा चंबू आहे, त्याचे दोन आवाज निघतात. मला तुझ्या यंत्रानं दोन धरलं असणार. म्हणजे सहा."

साहेब उठले आणि आधी दार लावून आले. मला वाटलं आता ओरडतील, पण आवाज एकदम मऊ झाला. मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते.

"बसा," ते म्हणाले. एवढा वेळ उभं ठेवून आता खुर्च्या दिल्या. "तळ्यावरून रस्ता जायचा होता, ठाऊक आहे ना? मुरूम टाकून, मधोमध. दोन वर्षं मी तो अडवायला धडपडतोय. परवा हा एकेचाळीस आकडा वर गेला आणि काम थांबलं. आता मी सहा म्हटलं तर आठवड्यात मुरमाच्या गाड्या येतील. मग कुठला बोरू आणि कुठल्या चटया?"

मी चंबू परत कमरेला बांधला. माणूस पोटासाठी खोटं बोलत नव्हता, तळ्यासाठी बोलत होता.

"तुम्ही पश्चिमेचा पट्टा कापा," साहेब म्हणाले. "बंदी कागदावर राहील, चौकीदार तिकडे बघणार नाही. फक्त आज इथं जे झालं ते विसरा. आणि चंबू नेऊ नका."

पाखरूबाई नखानं टेबल खरवडत राहिली.

घरी येऊन मी घमेल्यात गरम पाणी ओतलं आणि पाय बुडवले. ऊन उतरत होतं. पोरगा अंगणात येरझारा घालत होता. "घेऊन टाकू आई," तो म्हणाला. "रस्ता थांबला, आपल्याला पट्टा मिळाला, पाखरंही सुखात. कुणाचं काय बिघडलं?"

मलाही तेच वाटत होतं. एवढंच की मऊ आवाज डोक्यातून जात नव्हता.

ह्यांनी विळ्याला धार लावायची थांबवली. "आपण आत नाही गेलो," ते म्हणाले, "चंबू नाही वाजले. पेट्या तर तिथंच आहेत. पुढच्या महिन्यात यंत्र किती मोजेल?"

"सहा," पोरगा म्हणाला.

"मग पस्तीस पाखरं कुणी मारली?"

पोरगा थांबला. माझे पाय पाण्यात गार पडले.

"बंदी असताना पश्चिमेला चोरून कापत कोण होतं?" ह्यांनी पुढं विचारलं. "चौकीदारानं बघितलेलं. आणि त्या वेळी हे साहेब इथं असतील का बदलून गेलेले असतील? नवा माणूस कागद बघेल. कागदावर पाखरं एकेचाळीस, आणि बोरूत विळे घेऊन आपण."

एवढं मोठं भाषण ह्यांनी आमच्या लग्नानंतर प्रथमच केलं. मग पुन्हा विळा दगडावर घासायला लागले, जणू काही बोललेच नाहीत.

तेवढ्यात सून तेलाची वाटी घेऊन आली. माझ्यापुढं बसली, माझा पाय पाण्यातून उचलून मांडीवर घेतला आणि बेचक्यांतून तेल लावायला लागली. झोंबलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

"मला वाटलं तुम्हीच बोललात," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं असतं गं."

"चुकलं माझं."

"जाऊ दे."

ती बराच वेळ बोटं चोळत राहिली. मग म्हणाली, "खरं सांगून टाकू आई. पण पेट्यांचंही सांगायचं. त्या राहू देत पाखरांसाठी, पण आपण आत असू तेव्हा नकोत. हे मी बोलेन. माझी गोष्ट बाहेर गेलीय, मी बोलेन."

मी दुसरा पाय तिच्याकडे केला. रडू आलं होतं, ते तेलाच्या नावावर खपवलं.

त्याच संध्याकाळी मी पाखरूबाईच्या खोलीवर गेले. ती न जेवता बसली होती, भांडी तशीच झाकलेली. म्हटलं, "उद्या पहाटे चल. पेटी आणू नकोस, नुसते कान आण."

पहाटे अकरा होड्या पाण्यात उतरल्या. आमची चौतीसच्या चौतीस माणसं आणि पाखरूबाई. दोरीच्या आत कुणी गेलं नाही, बोरूच्या कडेकडेनं आम्ही तळ्याला वेढा घातला आणि थांबलो. चंबू घरी. कुणाच्या तोंडून शब्द नाही, आणि माझ्या जातीच्या बाईला गप्प बसणं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. थंडीनं दात वाजत होते म्हणून मी कपड्याचा बोळा तोंडात धरला होता. धुकं पाण्यावर बसलेलं. मग पहिला हुंकारला. दूर दक्षिणेला दुसरा. प्रत्येक होडीत ज्यानं त्यानं ऐकलं तिकडे हाताच्या काडीनं दिशा धरायची आणि पाखरूबाईच्या सांगण्याप्रमाणे कागदावर रेघ ओढायची. ऊन वर येईपर्यंत सगळ्या रेघा तिच्या नकाशावर आल्या. जिथं रेघा एकमेकींना छेदत होत्या तिथं ती टिंब देत गेली.

सहा टिंबं.

तिनं मान वर केली नाही. नकाशाकडे बघत बसली आणि मग ह्यांना म्हणाली, "काका, ह्या सहाही जागी बोरू विरळ का आहे? उत्तरेच्या जुन्या बोरूत एकही नाही."

"उत्तरेचा आम्ही कापत नाही," हे म्हणाले. "चिखल फार. तिथं जुना बोरू पडून कुजतो, पाणी दिसतच नाही. ह्या सहा जागा गेल्या वर्षी कापलेल्या."

"म्हणजे कापलं की मध्ये पाणी मोकळं होतं..."

"आणि मासा येतो. पाखरू काय, माशामागं."

पाखरूबाईनं बोटानं सहाही टिंबं पुन्हा एकदा चाचपली. "मी बंदी घातली ती नेमकी त्यांच्या पोटावर," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला म्हणाली, "एकेचाळीसच्या कागदावर माझी सही आहे. सहा म्हटलं तर मला इथं ठेवणार नाहीत बहुतेक."

"दुसऱ्या कागदावर दुसरी सही कर," मी म्हटलं. बोलायला सोपं होतं, नोकरी तिची होती. पण तिनं पेन मागितलं, आणि होडीतच, गुडघ्यावर नकाशा ठेवून सही केली.

तिनं तो कागद साहेबांना न दाखवता वर पाठवला नाही. आधी त्यांच्या टेबलावर ठेवला, तोंडावर सांगितलं, आणि मग पाठवला. साहेब तिच्याशी चार दिवस बोलले नाहीत. आमचे मात्र ते चार दिवस आणि त्यापुढचे पाच घरात बसून गेले. रोज सकाळी मी काठावर जाऊन पाण्यात हात घालून बोरूच्या बुडाशी कोंब लागतो का बघत होते. दहाव्या दिवशी वरचे साहेब आले.

त्याच खोलीत बैठक. ह्या वेळी वर्तमानपत्र अंथरलं नव्हतं. वरचे साहेब पिकल्या केसांचे, कमी बोलणारे. शेजारी रस्त्याचा इंजिनिअर, नवा कोरा शर्ट, हातात गुंडाळलेला नकाशा. पाखरूबाई उभी राहून बोलली. काही लपवलं नाही. यंत्राला आमच्या चंबूचा आवाज कधी शिकवलाच नव्हता, त्यामुळे त्याला जे माहीत होतं तेच त्यानं सांगितलं, चूक माझी, मी बोरूवाल्यांना विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, असं म्हणाली. आमच्या साहेबांनी मान खाली घातली होती. मला त्यांची कीव आली. त्यांना तळं वाचवायचं होतं, हे मी कुणाहीपुढं सांगेन.

मग सून उठली. पोट अजून दिसत नव्हतं, पण तिनं हात पोटावर ठेवला होता.

"मला मूल होणार हे माझ्या नवऱ्याला मी सांगणार होते," ती म्हणाली. "त्याला चौकीदारानं सांगितलं."

वरच्या साहेबांना काही समजेना. पाखरूबाईनं हळू आवाजात पेट्यांचं सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. चौकीदार दारात उभा होता, तो दारातून नाहीसा झाला.

"पेट्या आजच उतरवा," वरचे साहेब म्हणाले.

"उतरवू नका," सून म्हणाली. "पाखरांसाठी आहेत तर असू देत. आम्ही आत असू ते चाळीस दिवस मात्र बंद. आणि कधी माणसाचा आवाज निघालाच, तर कुणी ऐकायच्या आत पुसायचा. पुसताना आमच्यातलं एक माणूस इथं बसेल."

"कोण बसेल?"

"मी बसेन," ती म्हणाली. "मला आता ह्या दिवसांत पाण्यात उतरायचं नाहीच."

माझा पोरगा तिच्याकडे असा बघत होता की मला मेलीला हसू आवरेना.

"लिहून घ्या," वरचे साहेब म्हणाले.

आता इंजिनिअर पुढं सरकला. त्यानं नकाशा उलगडला, त्यावर तळ्याच्या मधोमध लाल रेघ होती. "म्हणजे प्रश्नच मिटला," तो हसून म्हणाला. "एकेचाळीस नाहीतच. सहा पाखरं आहेत. सहा पाखरांसाठी कुणी रस्ता अडवतं का हो?"

आमच्या साहेबांनी डोळे मिटले. हेच त्यांना नको होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, पाखरूबाईकडे बघितलं, आणि मग राहवलं नाही.

"सहाच आहेत म्हणून तर अडवायचा साहेब," मी म्हटलं. "एकेचाळीस असते तर तुम्ही म्हणाला असता, दहा गेले तरी एकतीस उरतात. सहातून कुठले गाळायचे ते बोट ठेवून दाखवा. आम्ही सहाही ओळखतो. कुठं बसतात, कोण पहिला हुंकारतो, सगळं. उद्या एक कमी झाला तर यंत्राआधी आम्हाला कळेल, आणि आम्ही चौतीस माणसं तुमच्या दारात येऊन विचारू की कुठाय तो."

इंजिनिअरचं हसू गेलं. लाल रेघेवर त्याचं बोट होतं, ते त्यानं उचललं.

वरचे साहेब मग पाखरूबाईला म्हणाले, "बोरू कापला नाही तर?"

"तीन-चार वर्षांत सगळं तळं उत्तरेसारखं होईल," ती म्हणाली. "मग सहाही नाहीत."

त्यांनी कागद ओढला. रस्त्याचं पुढच्या महिन्यात तळं बघून ठरवू म्हणाले, तोवर काम बंदच. आणि बोरूच्या बंदीवर आडवी रेघ मारून खाली सही केली. सही पुरी व्हायच्या आतच मी पोराच्या दंडाला चिमटा काढला.

"बघतोस काय? होडी काढ."

चाळीसातले सोळा दिवस उरले होते, आणि आजचाही अर्धा शिल्लक होता. आम्ही घरी गेलोच नाही, थेट बोरूत उतरलो.